जंतूचं नाव विचारून काय होणार?

गोव्याच्या कुठल्या तरी नदीमुखात, नाहीतर तिसऱ्या-शिनाण्यांमध्ये रोगजंतू सापडले असं कुणी बोललं रे बोललं की आपल्याकडे दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते बंद करा सगळं, आजपासून कवचातलं काही घरात आणायचं नाही. दुसरी म्हणते हा मासळीवाल्यांना संपवायचा डाव आहे, आमचे आजे-पणजे हेच खाऊन नव्वदी गाठून गेले. या दोघांची जुंपली की मग एक तिसरा येतो, जरा वाचलेला, सायन्सवाला, आणि शांतपणे सांगतो की घाबरू नका, सापडलेला जंतू 'तो' नव्हेच, त्याचा चुलतभाऊ आहे, निरुपद्रवी. सगळे हुश्श करतात आणि वाद मिटतो. पहिल्या दोघांचं मला फारसं काही वाटत नाही, एक भीतीने बोलतो, दुसरा रागाने. माझं भांडण या तिसऱ्याशी आहे, कारण त्याचं बोलणं ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुकीचं तेच असतं.

सरळच सांगतो. समुद्रातल्या व्हिब्रिओ या जंतूंच्या बाबतीत नुसतं नाव बघून धोका ठरवता येत नाही. धोका आहे तो जंतूकडे कुठले जीन आहेत त्यात, आणि या कुळात रोग करणारे जीन एका भाऊबंदाकडून दुसऱ्याकडे जात असतात. त्यामुळे 'चुलतभाऊ आहे' हे लक्ष ठेवायचं कारण झालं, निश्चिंत व्हायचं नव्हे. तपासायचे ते जीन, आणि सांभाळायच्या त्या जागा जिथे त्यांची देवाणघेवाण होते. त्यासाठी मासळी बंद करायची काहीच गरज नाही, आणि काही होत नाही म्हणून झोपी जायचीही नाही.

पटकीचंच घ्या. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 साली सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की कॉलरा होतो तो त्या जंतूने सोडलेल्या विषामुळे. पण त्या विषाचा जीन मुळात जंतूच्या घरचा नाहीच, तो एका व्हायरसमधून आलेला आहे, हे कळायला 1996 उजाडलं. वॉल्डोर आणि मेकालानोस या दोघांनी दाखवलं की एक दोऱ्यासारखा व्हायरस, जो माणसाला नव्हे तर जंतूलाच लागतो, तो हा विषाचा जीन घेऊन फिरतो, जंतूत शिरतो आणि त्याच्या डीएनएत जाऊन बसतो. कालपर्यंत ज्याच्याकडे विष नव्हतं तो आज विषारी. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) हा प्रकार लॅबच्या बाटलीपेक्षा उंदराच्या आतड्यात जास्त जोरात चालला. आता सांगा, या जंतूचं नाव व्हायरस शिरायच्या आधी आणि नंतर बदललं का? नाही बदललं. दोन्ही वेळा व्हिब्रिओ कॉलरीच. समुद्रात आणि खाड्यांत राहणारे बहुतेक व्हिब्रिओ कॉलरी हे विष करत नाहीत, म्हणजे नावाने घाबरायचं म्हटलं तर उगाच घाबराल आणि नावाने निश्चिंत व्हायचं म्हटलं तर एक दिवस फसाल. व्हिब्रिओ मिमिकस या सख्ख्या म्हणावा अशा नातेवाइकाच्या काही जंतूंमध्येसुद्धा हाच कॉलऱ्याचा विषजीन सापडलेला आहे.

आमच्या तिसऱ्या मित्राचा युक्तिवाद एकदा इतिहासात मोठ्या प्रमाणावर करून झालाय, आणि तो कुठे परदेशात नाही, आपल्याच देशात तोंडावर आपटला. 1992 पर्यंत जगभर असं धरून चालायचे की साथ आणणारा कॉलरा म्हणजे ओ1 गटाचा (हे गट जंतूच्या बाहेरच्या आवरणावरून पाडतात), बाकीचे शंभरावर गट म्हणजे किरकोळ, एखाद्याचं पोट बिघडवतील पण साथ आणणार नाहीत. तपासणीसुद्धा तशीच, ओ1 आहे का, नाही, मग सोडा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मद्रासला कॉलरा सुरू झाला, मग कोलकाता, मग बांगलादेश, आणि तपासला तर तो ओ1 नव्हे. त्याला ओ139 असा नवा नंबर द्यावा लागला. तो आला कुठून? ओ1 मधल्याच जुन्या एल टोर जातीच्या जंतूने बाहेरचं आवरण करणाऱ्या जीनचा अख्खा गठ्ठा दुसऱ्या कुणाकडून तरी उचलला आणि स्वतःचा गठ्ठा टाकून दिला. विष तेच, आवरण नवीन. ज्या मोठ्या माणसांना जुन्या कॉलऱ्याची थोडीफार प्रतिकारशक्ती होती त्यांनाही तो लागला, कारण शरीर ओळखत होतं ते जुनं आवरण. वर त्याच्याकडे एसएक्सटी म्हणून एक फिरता तुकडा होता, त्यात सल्फा, ट्रायमेथोप्रिम आणि स्ट्रेप्टोमायसिन या औषधांना न जुमानणारे जीन, एकदम घाऊक. त्यानंतर यादीत ओ1 च्या पुढे ओ139 लिहिलं गेलं. म्हणजे काय केलं आपण? यादी चुकली म्हणून यादीत आणखी एक नाव वाढवलं! जे गट अजून यादीत नाहीत त्यांच्याबद्दल आपण आजही तेच बोलतो जे 1991 मध्ये बोलत होतो.

आता गोव्याला जास्त जवळचा भाऊबंद, व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस. हा मासळीतलाच, 1950 मध्ये ओसाकाला छोट्या सुक्या मासळीतून 272 लोक आजारी पडले आणि 20 गेले तेव्हा फुजिनो यांनी तो शोधला. किनाऱ्याच्या पाण्यात तो सगळीकडे असतो, मांडवीत असेल, झुआरीत असेल, असला म्हणजे आकाश कोसळत नाही, कारण पाण्यातल्या बहुतेकांकडे माणसाला त्रास देणारा टीडीएच नावाचा विषजीन नसतोच. रोग्यांच्या शौचात सापडतात त्यातल्या बहुतेकांकडे तो असतो. हाच जीन पुढे व्हिब्रिओ मिमिकस, व्हिब्रिओ हॉलिसी, ओ1 नसलेले काही कॉलरी असल्या नातेवाइकांतही सापडला, आणि त्याच्या आजूबाजूला उड्या मारणाऱ्या डीएनएच्या खुणा दिसतात, म्हणजे हा जीन फिरलेला आहे. 1996 मध्ये कोलकात्यात याच पॅराहीमोलिटिकसची ओ3:के6 ही जात वर आली आणि बघता बघता आग्नेय आशिया, जपान, अमेरिका, चिली असं करत जगभर गेली.

त्या जातीचा एक किस्सा मला गोव्यातल्या प्रत्येक पंचायतीत वाचून दाखवावासा वाटतो. 1998 मध्ये अमेरिकेत टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन खाडीतली कालवं कच्ची खाऊन 13 राज्यांत मिळून 416 लोक आजारी पडले. चौकशी झाली. खाडीचं पाणी तपासलेलं होतं, नियमाप्रमाणे तपासलेलं होतं, आणि पास झालेलं होतं! कारण तपासणी होती कोलिफॉर्मची, म्हणजे मलमूत्र मिसळलंय का याची. व्हिब्रिओ हा गटारातून येत नाही, तो समुद्राचा मूळ रहिवासी, त्याला तुमच्या सांडपाण्याची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडे 'पाणी चांगलं की वाईट' हा सगळा वाद कोलिफॉर्मच्या आकड्यावर चालतो. साळ नदीत सांडपाणी जातंय, ते थांबायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही, पण उद्या साळ नदी आरशासारखी स्वच्छ केली आणि कोलिफॉर्म शून्यावर आला तरी या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नसेल.

आणि ज्यांना वाटतं की माणसं आजारी पडत नाहीत तोवर कशाला डोकं खायचं, त्यांनी कोळंबीवाल्यांना विचारावं. 2009 च्या सुमाराला चीनमध्ये, मग व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड, आणि 2013 मध्ये मेक्सिकोत तळ्यांतली कोळंबी सोडल्यावर महिनाभराच्या आतच मरायला लागली. तळ्याच्या तळाशी खच. कारण कळेना, व्हायरस असेल, पाण्यात विष असेल, खाद्य खराब असेल. 2013 मध्ये अॅरिझोना विद्यापीठाच्या डोनाल्ड लाइटनर यांच्या टीमने दाखवलं की हा तोच आपला पॅराहीमोलिटिकस, पण नेहमीचा नव्हे. त्याच्याकडे साधारण 70 हजार अक्षरांचा एक जादा डीएनएचा गोल तुकडा आहे, प्लास्मिड, आणि त्यावर पिर-ए आणि पिर-बी हे दोन विषजीन. याच्यासारखी विषं आधी माहीत होती ती कुठे, तर किडे मारणाऱ्या फोटोरॅब्डस या जमिनीवरच्या जंतूत, आणि त्या विषाची ठेवण निघाली बीटी कापसातल्या विषासारखी. समुद्रातल्या जंतूकडे हे आलं कसं देव जाणे, पण आलं आणि कोळंबीचं पचनाचं इंद्रिय सडवायला लागलं. थायलंडचं कोळंबी उत्पादन एक-दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं. आता महत्त्वाचं. सुरुवातीला सगळे पॅराहीमोलिटिकस शोधत बसले, नावाने. थोड्याच वर्षांत तेच प्लास्मिड व्हिब्रिओ कॅम्पबेली, ओवेन्सी, हार्वेयी यांच्यातही सापडलं, सगळे जवळचे नातेवाईक. त्यावर एका जंतूतून दुसऱ्यात जायची सोय करणारे जीन आहेत, आणि शिवाय अशी एक व्यवस्था आहे की जंतूची जी पिल्लं हे प्लास्मिड हरवतील ती मरतात. म्हणजे एकदा घरात आलं की सुटका नाही. नावाने शोधणाऱ्याची तळी स्वच्छ निघाली असती आणि कोळंबी मेली असती. म्हणून तर आता हॅचरीवाले पिर जीनचीच पीसीआर, म्हणजे जीन ओळखायची चाचणी, करून मागतात. ज्यांचे पैसे बुडतात त्यांना हे पटायला वेळ लागला नाही, हे नमूद करून ठेवतो.

आता विरुद्ध बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते बघू. पहिलं, हे सगळं समुद्रात लाखो-करोडो वर्षं चाललंय, निसर्ग आहे, आपण कोण थांबवणार? बरोबर आहे. जीनची अदलाबदल हा निसर्गाचाच धंदा, 1928 मध्ये ग्रिफिथ यांनी मेलेल्या विषारी न्यूमोनियाच्या जंतूंसोबत जिवंत बिनविषारी जंतू उंदराला टोचले आणि उंदीर मेला, तेव्हापासून हे माहीत आहे. आणि हेही खरं की कुणीही कुणाचाही जीन घेऊन लगेच राक्षस होत नाही, बहुतेक वेळा तो परका तुकडा निरुपयोगी ठरतो नाहीतर टाकून दिला जातो, नातं जवळचं असेल तरच तो नीट चालायची शक्यता जास्त. पण 'नेहमीच होतं' याचा अर्थ 'नेहमी सारख्याच वेगाने होतं' असा होतो का? पूर नेहमीच येतात म्हणून आपण खाडीचं पाणी अडवणाऱ्या मानशीची दारं काढून टाकली नाहीत. वेग कशाने वाढतो ते आज बऱ्यापैकी कळलेलं आहे. 2005 मध्ये दिसून आलं की व्हिब्रिओ कॉलरी कायटिनवर, म्हणजे कोळंबी-कुर्ल्यांची कवचं ज्याची असतात त्यावर बसला की त्याच्यात बाहेरचा डीएनए गिळायची यंत्रणा चालू होते. 2015 मध्ये त्याच्या पुढचं कळलं, कायटिनवर बसलेला हा जंतू त्याच वेळी शेजारच्या जंतूंना भाल्यासारखं हत्यार खुपसून फोडतो आणि त्यांच्यातून सांडलेला डीएनए आत घेतो, म्हणजे शेजाऱ्याचा खून करून त्याच्या घरातलं सामान उचलण्यासारखंच. आता मालिमला, कुटबणला, शापोराला जेटीवर कोळंबीची सालं आणि कुर्ल्यांचे अवशेष कुठे जातात ते बघा. पाण्यातच ना? समुद्रात कायटिन नैसर्गिकच भरपूर असतं हे मान्य, कोपेपॉडसारखे बारीक जीव त्याचेच बनलेले, पण एका कोपऱ्यात, उथळ कोमट पाण्यात, बोटींच्या सांडपाण्यासकट ढीग घालायचं काम निसर्ग करत नाही, आपण करतो.

वेग वाढवणारी दुसरी गोष्ट अँटिबायोटिकची. लोकांना एवढंच माहीत असतं की औषध जास्त वापरलं की रेझिस्टंट जंतू उरतात. पण 2004 मध्ये कळलं ते याहून वाईट आहे, सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने जंतूचा डीएनए दुखावला की त्याच्यातली आणीबाणीची यंत्रणा जागी होते आणि मघाशी सांगितलेला तो एसएक्सटी तुकडा दुसऱ्या जंतूंत जायचं प्रमाण कितीतरी वाढतं. म्हणजे औषध नुसतं निवड करत नाही, ते जीनना प्रवासाला धाडतं. आता आपण काय करतो? पोट बिघडलं की फार्मसीतून दोन-चार गोळ्या, चिठ्ठी नाही काही नाही, दोन दिवस घेऊन बरं वाटलं की उरलेल्या ड्रॉवरमध्ये, आणि पोटातलं सगळं शेवटी सेप्टिक टँकमधून झिरपत नदीत. सांडपाण्याचा व्हिब्रिओशी संबंध आहे तो इथे. जंतू गटारातून येत नाही, पण औषधांचे अंश आणि रेझिस्टन्सचे जीन नक्कीच येतात. ही देवाणघेवाण कुठे होते ते इस्रायलमधलं उदाहरणही सांगतं, 1996 मध्ये तिथे तळ्यातले तिलापिया मासे हाताळणाऱ्यांना व्हिब्रिओ व्हल्निफिकसच्या जखमा व्हायला लागल्या, जंतू तपासला तर आधीच्या दोन वेगळ्या गटांच्या जीनसमूहांचं मिश्रण निघालं. दाटीवाटीची तळी ही अशा भेटीगाठींची जागा.

दुसरा आक्षेप जास्त मजबूत आहे आणि त्याला मी हलक्यात घेत नाही. गोव्यात तिसऱ्या कच्च्या कोण खातं? सुकं असो की हुमण, सगळं चुलीवर उकळतं, व्हिब्रिओ उष्णतेला टिकत नाही, आणि कुणी मरताना दिसत नाही. पहिला भाग शंभर टक्के मान्य, नीट शिजवलेल्या शिनाण्यांना घाबरायचं कारण नाही आणि मी स्वतः घाबरत नाही. पण 'कुणी आजारी पडत नाही' हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? हगवण लागलेल्या माणसाचं शौच आपल्याकडे कितीदा कल्चरला जातं? गेलंच तर व्हिब्रिओ दिसायला त्याला टीसीबीएस नावाचं वेगळं माध्यम लागतं, पॅराहीमोलिटिकस त्याच्यावर हिरवा दिसतो, पण लावलंच नाही तर दिसणार काय? न बघता 'नाही' म्हणणं आणि बघून 'नाही' म्हणणं यात फरक आहे. शिवाय उकळत्या कढीच्या बाहेरही गोवा आहे. किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटांत बर्फावर लिंबू पिळून कालवं मिळतात. ज्या विळीवर तिसऱ्या उघडल्या त्याच विळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरला जातो. पाण्यात उतरून शिनाणे ओरबाडणाऱ्या माणसाचे हात-पाय कवचांनी कापतात, आणि व्हल्निफिकस तर जखमेतूनही शिरतो, त्यात ज्यांचं लिव्हर आधीच गेलंय त्यांना तो दोन दिवसांत संपवू शकतो (गोव्यात लिव्हरचं वेगळं सांगायला नको). आजे-पणजांचं म्हणाल तर त्यांची आठवण जरा पूर्ण काढा. पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोर्रेयाने 1543 मधल्या गोव्यातल्या मोडशीच्या, म्हणजे पटकीच्या, साथीबद्दल लिहून ठेवलंय, माणसं इतकी मरत होती की लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नरने मेलेल्यांसाठी चर्चच्या घंटा वाजवायला बंदी केली. 20 वर्षांनी, 1563 मध्ये पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने गोव्यातच छापलेल्या पुस्तकात त्याच मोडशीचं वर्णन केलंय. नव्वदी गाठणाऱ्या आज्या आपल्याला आठवतात कारण त्या गोष्ट सांगायला उरल्या.

घंटा बंद करायचा मोह मात्र आजही आहे, आणि तिसरा आक्षेप त्याच्याशीच जोडलेला आहे, तो म्हणजे पोटाचा. जीन सापडला म्हणजे रोग झाला नाही, हे शास्त्रीयदृष्ट्याही खरं, नुसता टीडीएच सापडून भागत नाही, जंतूची संख्या लागते, आतड्याला चिकटायची बाकीची सामग्री लागते. पण बातमी आली की मार पडतो तो म्हापसा-मडगावच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईवर. 2018 च्या जुलैमध्ये मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याचा गवगवा झाला तेव्हा बघितलं ना आपण, बाहेरच्या मासळीवर सरकारने काही दिवस बंदी घातली आणि ज्यांनी आयुष्यात फॉर्मेलिनची बाटली बघितली नाही त्यांचीही टोपली तशीच घरी परत गेली. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य करत नाही. तो गोंधळ तपासणी झाली म्हणून नव्हता झाला, वर्षानुवर्षं नियमित आकडे लोकांसमोर नव्हते म्हणून झाला. एकच रिपोर्ट अचानक पडला की तो बॉम्बच होणार. दर महिन्याला रिपोर्ट येत असेल, त्यात बहुतेक वेळा 'पॅराहीमोलिटिकस आहे, टीडीएच नाही' असं येत असेल, तर लोक तो पावसाच्या आकड्यासारखा वाचतील आणि मासळी घेऊन घरी जातील. आणि उलट, नुसत्या नावावर रिपोर्ट दिला तर दर वेळी 'सापडला' असंच येणार, कारण व्हिब्रिओ समुद्रात असणारच. बाजार बसवायचा असेल तर नावं छापा!

पैशांचं कारण तर कुणी सांगूच नये. 2020 च्या मार्चमध्ये कोविडची सॅम्पल पुण्याला पाठवावी लागत होती आणि काही दिवसांतच बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तपासणी सुरू झाली. पीसीआरच्या मशीन आहेत, चालवणारी मुलं-मुली आहेत, टीडीएच असो, कॉलऱ्याचा विषजीन असो की पिर असो, त्यांचे प्रायमर (पीसीआरला जीन शोधायला लागणारे डीएनएचे तुकडे) वर्षानुवर्षं जगभर वापरात आहेत, नवीन काही शोधायचं नाही. 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे. कमी आहे ती मधल्या धाग्याची, म्हणजे एक खातं पाणी बघतं, दुसरं मासळी, तिसरं हगवण, आणि तिघांचे कागद एका टेबलावर येत नाहीत. आपल्याकडे समुद्र वर्षभर कोमटच असतो, त्यामुळे अलास्कात 2004 मध्ये पाणी 15 अंशांच्या वर गेलं आणि कालवांतून साथ आली तसला सोपा इशारा आपल्याला मिळणार नाही. आपल्याकडे बदलतं ते मीठ, जूनमध्ये नद्या गोड होतात आणि पाऊस सरला की परत खाऱ्या, तेव्हा सॅम्पल घ्यायचीच तर पावसाआधी, चतुर्थीच्या आसपास आणि नाताळाच्या तोंडावर, जेव्हा हॉटेलं भरलेली असतात, तेव्हा घ्या. आणि मुरगावला माल भरायला रिकामी येणारी जहाजं पोटात कुठल्या बंदरचं पाणी घेऊन येतात आणि इथे सोडतात का, हेही त्याच रिपोर्टात असू दे, 1991 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या साथीचा कॉलरा अमेरिकेत अलाबामाच्या मोबील खाडीतल्या कालवांत सापडला होता आणि नंतर तोच तिथे येणाऱ्या जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातही.

रिपोर्ट मराठी-कोंकणीत हवा, मासळी बाजाराच्या फळ्यावर हवा, आणि त्यात जंतूच्या नावाच्या बाजूला दोन रकाने हवेत: विषजीन आहे की नाही, आणि कुठल्या औषधाला दाद देत नाही. जेटीवरची सालं पाण्यात टाकायच्या ऐवजी गोळा करायचा खर्च बंदर खात्याने करायचा की मत्स्य खात्याने, यावर हवं तर भांडा, तो भांडण्यासारखा प्रश्न आहे.